नव्या शालीचे खांदे

१

नव्या शालीला खांदे नसतात. एवढं आधी डोक्यात पक्कं करा, म्हणजे पुढचं सांगणं मला सोपं जाईल.

जुन्या स्वेटरला कोपर येतं, जुन्या चपलेला अंगठा येतो, तसे जुन्या शालीला खांदे येतात. माणूस ती वर्षानुवर्षं पांघरतो, लोकर त्याच्या अंगावर बसते, आणि मग खुंटीला टांगली तरी ती त्याच्यासारखीच उभी राहते. नवी शाल मात्र कागदासारखी सपाट. मी चौथीपर्यंतच शिकले, पण हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी वाळवण्यात माझी हयात गेली. कापड कुठे फुगतं आणि का फुगतं, ते मला सांगायला येऊ नका.

लाँड्रीत सगळं पांढरं. चादरी पांढऱ्या, अभ्रे पांढरे, भिंती पांढऱ्या. म्हणून घरी आले की मला रंग लागतात. विणकाम हे माझं एकटीचं सुख. त्यात कोणाचा हुकूम चालत नाही.

ही नक्षी मला मिळाली त्याच हॉस्पिटलात, पण लिफ्टने वरच्या मजल्यावर गेल्यावर, बायकांच्या तपासणीच्या ठिकाणी. माझ्या लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या वेळचं टिकलं नव्हतं, आणि त्यानंतर पोरगी कितीतरी महिने हसली नव्हती. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, पडून राहायचं, जिना चढायचा नाही, आणि मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालायचं नाही. जावई नोकरीपायी परगावी, तिचे वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, तेव्हा तिला सांभाळायची ती मीच.

तिथे बाकांच्या रांगा एकामागे एक. आमच्या पुढच्या बाकावर एक बाई पाठमोरी बसलेली. अंगावर राखी शाल. मी सहज पाहिलं आणि पाहतच राहिले. मधोमध एक देठ, त्याला दोन्ही अंगांनी तिरपी पानं, पानांमध्ये जाळी, आणि दर पानाच्या टोकाला एकच मोकळा टाका, पाण्याचा थेंब अडकल्यासारखा. जन्मात असली नक्षी पाहिली नव्हती. हात शिवशिवायला लागले. मी तिथेच बोटांवर टाके मोजायला लागले, दोन सुलट, धागा पुढे, दोन एकत्र, आणि लेक मला कोपर मारून म्हणत होती की लोकांना वाटेल तुझं डोकं फिरलंय.

पाठीवरचं सगळं मी पाठ केलं. राहिली फक्त कड. शाल पुढे मिटते तिथली कड कशी घातलीय, ती दिसेना. मी डावीकडे झुकले, तर ती बाई जराशी उजवीकडे वळली. मी उजवीकडे झुकले, तर ती डावीकडे. जागची उठली नाही, मागे पाहिलं नाही, पण मला पाठीखेरीज काही दिसू दिलं नाही. मला वाटलं, बाई हुशार आहे, नक्षी चोरू देत नाही. मला हसूच आलं.

तेवढ्यात आमचा नंबर लागला. बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता.

२

पहिली शाल हळदी रंगाची. काय सांगू तुम्हाला, इतकी घाई मला लग्नात नव्हती. कामावरून आले की पायातल्या चपलाही धड काढत नव्हते. लेक मागच्या खोलीत पडलेली, मी तिच्या शेजारच्या पलंगावर बसून सुया चालवत असे. पान पूर्ण झालं की तिला दाखवायचं, थेंबाचा टाका पडला की दाखवायचं. ती म्हणायची, आई, बाळ मला होणार आहे, बाळंतीण झाल्यासारखी तूच करतेस.

कड मी आपल्या मनाने घातली. शोभली नाही. पण शालीचं अंग असं उतरलं होतं की मी कानाडोळा केला.

जाळीची शाल विणून झाली की ती भिजवायची, पिळायची नाही, टॉवेलात दाबून पाणी काढायचं आणि पलंगावर ताणून चारी बाजूंनी टाचण्या लावायच्या. वाळली की जाळी उघडते. त्याआधी ती नुसती गुंडाळी असते. मी हळदी शाल लेकीच्या शेजारच्या पलंगावर ताणली आणि कामावर गेले. संध्याकाळी टाचण्या काढल्या, शाल उचलली, खुंटीला टांगली.

तिला खांदे होते.

दोन गोल फुगवटे. डावा वर, उजवा जरा खाली. मी शाल काढली, झटकली, पुन्हा टांगली. तशीच. मग मला माझाच राग आला. गादी जुनी, कापूस एका बाजूला गोळा झालेला, त्यावर ओली लोकर ताणली तर दुसरं काय होणार? मी गादीला दोन धपाटे घातले आणि विषय संपवला.

शाल दिली लाँड्रीतल्या माझ्या सोबतिणीला. तिला आम्ही इंजिन म्हणतो. अंगाने भरपूर, आणि जिना चढली की शिट्टी सोडून सगळे आवाज काढते. ती म्हणाली, माझ्या मापाची शाल विणायची तर तुला हॉस्पिटलचा पडदा लागेल. पण पांघरली, आणि अंगासरशी बसली. दोघीही खूश.

३

दुसरी शेवाळी. रंग बदलला की नक्षी नवी होते हो, हे सुख ज्याला कळतं त्यालाच कळतं. हळदीत पानं उन्हातली वाटत होती, शेवाळीत ती पाण्याखाली गेली. मी विणताना गुणगुणत होते.

या वेळी गादी नको म्हणून थर्माकोलची मोठी पाटी आणली आणि पुढच्या खोलीत टेबलावर ठेवली. हात फिरवून पाहिला, काचेसारखी सपाट. तिच्यावर शाल ताणली.

वाळल्यावर खांदे होतेच. डावा वर, उजवा खाली. शिवाय पाठीच्या मधोमध लोकरीला गोळे आलेले. बाकाच्या पाठीला रोज टेकून बसणाऱ्या माणसाच्या शालीला येतात तसे. मी एकेक गोळा नखाने उपटला. लोकर हलकी असेल, लोकरवाल्याने माल बदलला असेल, उद्या जाऊन त्याची खरडपट्टी काढते, असं मी मोठ्याने बोललेसुद्धा. मोठ्याने बोललं की स्वतःला पटतं.

लेकीने पडल्या पडल्या शाल हातात घेतली, गालाला लावली आणि विचारलं, ही आधी कोणी वापरलेली आहे का गं?

मी म्हटलं, सुईवरून आत्ता उतरलीय, वापरणार कोण?

ती शाल आमच्याच इमारतीत वर राहणाऱ्या मास्तरणीला दिली. मास्तरीण म्हणजे छडीला लुगडं नेसवावं तशी, हाडं मोजून घ्यावीत. तिलाही अंगासरशी बसली.

तिसरी जांभळी, माझ्या नणंदेसाठी. ती उंच, दाराच्या चौकटीला डोकं लागेल अशी. त्या शालीच्या वेळी टाचण्या वाकल्या. नुसत्या निघाल्या असत्या तर मी काही म्हटलं नसतं. वरच्या कडेच्या सगळ्या टाचण्या आतल्या बाजूला वाकलेल्या होत्या, पांघरलेली शाल कोणी छातीशी ओढून घ्यावी तशा. आणि पाठ वाळली नव्हती. कडा खडखडीत, पाठ ओलसर. मी तिथे हात ठेवला. ऊब लागली.

मी हात झटकन काढला नाही. खरं तर मी तो तिथेच ठेवला. मला भीती नाही वाटली तेव्हा, मला आनंद झाला. वाटलं, असं जिवंत काम आपल्या हातून आजवर झालं नव्हतं.

४

लाँड्रीत वाफ असते. चार पावलांपलीकडचं माणूस धूसर दिसतं. त्या दिवशी मी चादरींची गाडी ढकलत आत आले, तर इस्त्रीच्या टेबलाशी ती बाई बसलेली. पाठमोरी. डावा खांदा वर, उजवा खाली, मान किंचित पुढे. हॉस्पिटलच्या बाकावरची तीच पाठ. फक्त शाल हळदी.

मी गाडी सोडून धावले. माझ्या तोंडात एकच, बाई, कड दाखवा.

ती वळली. इंजिन होती. कसली कड, असं तिने विचारलं. मी तिला शाल काढायला लावली. काढली, तर तिची आपली नेहमीची पाठ, पसरट, गरगरीत, दोन्ही खांदे सारखे. मी तीच शाल पुन्हा तिच्या अंगावर टाकली. इंजिन गेली आणि ती बाई आली. तिच्या अंगातली निम्मी जाडी कुठे गेली, मला सांगता यायचं नाही.

माझ्या मनात आलं, वाफेने डोळे फसतात. घरी गेले, तर जिन्यात मास्तरीण वर चढत होती. शेवाळी शाल. तिथे वाफ नव्हती, संध्याकाळचं लख्ख ऊन होतं. काटकुळ्या मास्तरणीच्या जागी तीच पाठ पायऱ्या चढत होती. मी हाक मारली नाही. दाराला कुलूप घालून लेकीजवळ जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी लोकरवाल्याकडे गेले. त्याची खरडपट्टी काढायची होती, ती राहिली बाजूला. मी विचारलं की असं का व्हावं. पाठीचं काही बोलले नाही, नव्या शालीला खांदे येतात एवढंच सांगितलं. त्याने विचारलं, नक्षी कुठून घेतली. मी सांगितलं, एका बाईच्या अंगावरून.

“अंगावरून?” तो हातातला लोकरीचा गुंडा ठेवून म्हणाला. “ताई, शाल काढून, सपाट पसरून मोजायची असते. अंगावर असताना मोजलीत, म्हणजे तिच्या खांद्याचा उतार, पाठीचा बाक, सगळं टाक्यांत आलं. तुम्ही नक्षी नाही उतरवलीत. पाठ उतरवलीत.”

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच होतं तर. मोजणीतली चूक. नवशिकी पोरगी करते तशी. मी हसत हसत डाळिंबी लोकर घेऊन घरी आले. ऊब आणि टाचण्या त्या मोजणीत कुठे बसतात, हे मी त्याला विचारलं नाही आणि स्वतःलाही नाही.

५

डाळिंबी शाल माझी स्वतःची. हिच्यात उतार ठेवायचा नाही असं ठरवून बसले. पण खांद्याशी आले की बोटं आपोआप दोन टाके वाढवायची. उसवलं, पुन्हा विणलं, पुन्हा वाढले. चूक ती चूक, पण काय देखणी होत होती म्हणून सांगू. त्या रंगात पानं पेटल्यासारखी दिसत होती. आता फक्त कड उरली होती, आणि या शालीला मी मनाची कड घालणार नव्हते. टाके सुईवर तसेच ठेवले. ती बाई पुन्हा कधीतरी हॉस्पिटलात भेटेल, तेव्हा पुढून जाऊन बघेन, मग टाके बंद करेन. मला त्या कडेची स्वप्नं पडायला लागली होती.

मग एक दिवस कामावरून आले, तर लेक उशांना टेकून बसलेली. म्हणाली, “आई, तू दुपारी आलीस आणि बोलली का नाहीस?”

मी हातातली पिशवी खाली ठेवली. “कधी?”

“माझा डोळा लागत होता तेव्हा. शेजारच्या पलंगावर पाठ करून बसली होतीस, शाल पांघरून. मी हाक मारली तर नुसती मान हलवलीस. रागावलीस का माझ्यावर?”

दुपारी मी लाँड्रीत होते. डाळिंबी शाल सुईसकट पेटीत होती, आणि पेटीची किल्ली माझ्या गळ्यात. माझ्या तोंडाशी आलं होतं, कोणत्या रंगाची शाल? पण पोरीचा एक हात पोटावर होता. डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले.

“दमले होते गं,” मी म्हटलं. “बोलायचं त्राण नव्हतं.”

ती हसली. म्हणाली, तू बसलीस तर मला बरं वाटलं, बाळ पण शांत झालं. पोटात आज पहिल्यांदा इतकं शांत झालं.

मी तेव्हाच उठले. तिचा पलंग ओढत पुढच्या खोलीत आणला. मागच्या खोलीला कुलूप. लाँड्रीत सांगितलं की येत नाही, काय करायचं ते करा. शाली परत मागायला निघाले. मास्तरणीने दार लावून घेतलं, दिलेली वस्तू मागतात का म्हणून. नणंद फोनवर म्हणाली की वहिनी, एवढी ऊब मला नवऱ्याने दिली नाही, मेले तरी काढणार नाही. इंजिनने तर मला वेड्यात काढलं. मी त्या तिघींना खरं काय सांगणार होते? की तुम्ही पाठीमागून तुम्ही नसता?

तेव्हापासून मी लेकीच्या उशाशी बसले. भिंतीला पाठ लावून.

६

कळा सकाळी सुरू झाल्या. हॉस्पिटलात नेलं, तिला आत घेतलं, मला बाहेर त्याच बाकांपाशी ठेवलं. मी पिशवीत डाळिंबी शाल घेतली होती. बाई दिसली तर पुढून बघायचं, हे अजून डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू. आणि घरात ती एकटी ठेवायची माझी छाती नव्हती.

दुपारी नळावर तोंड धुवायला गेले. परत आले तर तिघी आलेल्या. धीर द्यायला आल्या होत्या बिचाऱ्या, थंडी म्हणून शाली पांघरून. दाराकडे तोंड करून पुढच्या बाकावर ओळीने बसल्या होत्या. मी मागून येत होते. हळदी, शेवाळी, जांभळी. जाडी, काटकुळी, उंच. आणि तिन्ही पाठी एकच. डावा खांदा वर, उजवा खाली, मान किंचित पुढे.

चौथी राखी.

ती दाराच्या सगळ्यात जवळ होती. तिघी आपसात बोलत होत्या, इंजिन काहीतरी सांगून खिदळत होती, आणि चौथीकडे कोणीच पाहत नव्हतं. शेजारी माणूस बसलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आतून माझी पोरगी ओरडली.

माझं डोकं तेव्हा लख्ख चाललं. जे विणून आलंय ते उसवून जाईल. मी मागच्या बाकावर बसले, अगदी पहिल्या दिवशी बसले होते तिथे, पिशवीतली शाल काढली आणि सुई ओढून टाकली. उघडे टाके बघितले आणि धागा ओढला. सर्र. एक ओळ गेली. राखी शाल कणभर खाली बसली. मी ओढत राहिले. सर्र, सर्र. पानं उसवत होती, थेंब विरघळत होते, मांडीवर डाळिंबी लोकरीचा ढीग पडत होता, आणि पुढे ते खांदे उतरत होते. डावा उतरला. उजवा उतरला. खांदे होते तिथून मला बाकाची फळी दिसायला लागली. माझ्या अंगात असं बळ आलं होतं की मी एका दमात अख्खी भिंत उसवली असती.

मग ती वळायला लागली.

सावकाश. पहिल्यांदाच. तोंड नाही दिसलं मला. मला शालीची पुढची बाजू दिसायला लागली. आधी एक पान, मग त्याचं टोक, आणि त्याच्या पलीकडे कड. ती कड पानांच्या थेंबांतूनच निघाली होती हो. एकेक मोकळा टाका पुढच्या टाक्याला हाताशी धरून जात होता. किती सोपं, आणि माझ्या कधी डोक्यात आलं नाही. अजून दोन बोटं वळली असती तर मला पुरी कळली असती.

माझा हात थांबला.

एका श्वासापुरता. तेवढ्यात दार उघडलं, बाळाचा आवाज आला आणि मी तिकडे पाहिलं. परत पाहिलं तेव्हा बाकावर तिघीच होत्या.

७

नात झाली. लेक सुखरूप. थकलेली, पण हसत होती. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि ढसाढसा रडले. तिला वाटलं आनंदाने. होता आनंदही, भरपूर होता.

नर्सने बाळ माझ्या हातात दिलं. इवलं तोंड, मिटलेले डोळे, आणि सगळं अंग राखी शालीत गुंडाळलेलं. लहानशी शाल, बाळाच्या मापाची.

ही कुठली, मी विचारलं.

“तुमच्यातल्याच एका बाईंनी दारातून दिली,” नर्स म्हणाली. “आजीनेच विणलीय म्हणाल्या.”

हनुवटीखाली कड होती. पूर्ण. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी एकदा पाहिली आणि मला येऊ लागली. मी शाल काढली, बाळाला हॉस्पिटलच्या पांढऱ्या कापडात घेतलं. रिकामी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली, तर तिला खांदे होते. लिंबाएवढे. डावा वर, उजवा जरा खाली.

शाल त्याच दिवशी लाँड्रीच्या भट्टीच्या जाळात टाकली. इंजिन बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने आपली हळदी शाल आपणहून आणून दिली.

घरी सगळे येतात, बाळाचं तोंड बघतात. नाक आजीचं, जिवणी बापाची, असं चाललेलं असतं. पोरगी गुणाची आहे, रडत नाही. कोणी मांडीवर घेतली की मान आपोआप पलीकडे वळवते. मी तिला नेहमी तोंडाकडूनच घेते. दुपट्यात घट्ट गुंडाळून, छातीशी. तिची पाठ मी अजून नीट पाहिलेली नाही.

आजपर्यंत अंग पुसायचं काम नर्स येऊन करत होती. उद्यापासून ती येणार नाही. उद्या नातीला पहिल्यांदा पायावर पालथी घालून मला अंघोळ घालायची आहे. पाणी कुठे तापवायचं, टॉवेल कुठला घ्यायचा, सगळं लेक मला पलंगावरून सांगते आहे, आणि मी हो हो म्हणते आहे.

हातांत सुया नाहीत. तरी मांडीवर बोटं आपली चाललीत. दोन सुलट, धागा पुढे, दोन एकत्र. आणि आता कडही.